सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण आणि तिथल्या सिस्टर, 5 महिन्यांनी लिहितेय

बाळ पाच महिन्यांचं झालं, आता कुठे हाताला सवड मिळतीये. पहिलं बाळंतपण, माहेरी नाशिक जिल्ह्यात. नाव उपकेंद्रात घातलेलं, डिलिव्हरी ग्रामीण रुग्णालयात. सासरी सगळे प्रायव्हेटच म्हणत होते, पण उपकेंद्रातल्या सिस्टरांवर माझा पहिल्यापासून विश्वास बसला होता.

पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.9 आलं, म्हणजे कमी. लोहाच्या गोळ्या तर रोज घेत होते! सिस्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस गं? मी चहाबरोबर, आणि कॅल्शियमपण त्याच वेळी. तिथंच गडबड होती, दोन्हीमुळे लोह अंगी लागत नाही. मग कॅल्शियम सकाळी जेवणानंतर, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर, शिवाय त्यांनी दिवसाला दोन गोळ्या केल्या. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस, हेही आधीच सांगितलं. नवव्या महिन्यात 10.8.

कळा रात्री सुरू झाल्या, 102 ची गाडी आली. गेले तेव्हा गर्भपिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलेलं. सिस्टर म्हणाल्या चालत राहा, दमलीस की डाव्या कुशीवर पड, पण मी सांगेपर्यंत जोर लावायचा नाही. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके बघायच्या. सकाळी मुलगी झाली, लगेच छातीवर ठेवली, मला मांडीत इंजेक्शन दिलं, आणि मला वाटलं झालं सगळं.

पण खरी नर्सिंग मला त्यानंतर कळली. दर पंधरा मिनिटांनी येऊन पोट दाबायच्या, इतकं दुखायचं की मी चिडले, म्हटलं सिस्टर आता तरी सोडा ना. त्या म्हणाल्या, पिशवी दगडासारखी घट्ट लागली पाहिजे बाई, मऊ लागली की रक्त जातं. चौथ्या वेळेला मऊ लागली. त्यांनी पहिलं विचारलं लघवी झाली का, आणि मी टाक्यांच्या भीतीने गेलेच नव्हते. लघवी तुंबली की पिशवी आवळत नाही, हे मला कुठे माहीत! नळी घालून लघवी काढली, पोट चोळलं, डॉक्टरांना हाक मारली, सलाईनमधून औषध लावलं. वीसेक मिनिटांत रक्त आटोक्यात. त्या हाताने मला वाचवलं असं मी आजही मानते.

तक्रार आहे ती रात्रीची. लेबर रूम आणि पूर्ण वॉर्ड मिळून एकच सिस्टर, दुसऱ्या रात्री बाळ अंगावर नीट लागेना, चिरा पडल्या, आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्या बाईच्या डिलिव्हरीत अडकलेल्या. सकाळी आलेल्या सिस्टरांनी दाखवलं की नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. हे रात्रीच कळलं असतं तर? शेजारच्या बाईवर एक सिस्टर ओरडली, तेही मला आवडलं नाही, कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडू नये.

घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आल्या. आजीला घुटी आणि मध द्यायचा होता, ताईंनी न भांडता थांबवलं, म्हणाल्या आजी, सहा महिने फक्त अंगावरचं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू मला खुशाल खायला दिले.

पण सगळे बाळाचं वजन बघायचे, माझी झोप कुणी विचारली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून मी रडायचे. दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा उपकेंद्रातल्या त्याच सिस्टरांनी सुई टोचता टोचता माझ्याकडे बघून विचारलं, झोप लागते का गं? मी तिथंच रडले. त्यांनी खुर्ची दिली, डॉक्टरांकडे पाठवलं, आणि कार्डाच्या मागे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 लिहून दिला. दोनदा फोन केला, मराठीत बोलतात.