एक्सपोजरची नोंद: एक्झिफ की वही?

डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच शटरचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता), मीटरिंगची म्हणजे प्रकाश मोजण्याची पद्धत, फोकल लेंथ लिहून ठेवतो. जपानमध्ये 1995 साली ठरलेलं एक्झिफ हे प्रमाण त्यामागे आहे. फिल्मवाल्यांकडे वही असते: फ्रेमचा क्रमांक, शटर 1/125, छिद्र एफ/8.

अचूकपणात एक्झिफ पुढे, यात वाद नाही. भराभर फ्रेम घेतल्या तरी प्रत्येकीची नोंद वेगळी राहते. हाताने तेवढं लिहिणं अशक्यच. पण कॅमेऱ्याला कळतं तेवढंच एक्झिफमध्ये येतं. इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेली जुनी मॅन्युअल लेन्स लावली की अ‍ॅपर्चरचा रकाना बहुधा रिकामा किंवा शून्य. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावला होता का, हे सापडत नाही. स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरताच प्रकाश मोजणं, होतं एवढं दिसतं. तो ठिपका चेहऱ्यावर धरला की आकाशावर, आणि का, हे नाही. शिकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, आणि वहीत ते एका ओळीत मावतं: 'सावलीवर मोजलं, दोन स्टॉप कमी केले.' (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा.)

टिकाऊपणाचं म्हणाल तर दोन्ही नाजूक. मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवला की एक्झिफ अनेकदा गळून पडतं, वही हरवते. निकॉन एफ6 या फिल्म कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमची माहिती साठवायची सोय होती, ती मला फार आवडते.

रोजच्या कामाला एक्झिफ पुरे. प्रकाश समजून घ्यायचा असेल, तर डिजिटलसोबतही वही ठेवा आणि तीत फक्त कारणं लिहा.