आजोबांची बारा बोअर: नावावर करायची की देऊन टाकायची?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरी कपाटात रेक्झिनच्या खोळीत आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक असायची. ते गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी वाद झाला तो हिच्यावरून. तुमच्याकडेही अशी असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. धारक गेला की त्याचा परवाना वारसाच्या कामाचा नाही, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान २ वर्षं कैद आहे. मग हवं तेवढं भांडा.

नावावर करायची तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची वेगळी वाट आहे. धारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, तर हयातीतच ती वारसाकडे देता येते. आम्हाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता बाकीच्या वारसांची ना हरकत हवी (आमची आत्याच्या सहीवर अडली), पोलीस चौकशी आणि हाताळणीचं प्रशिक्षणही. ठाणे शहर, नवी मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयात, शहापूर-मुरबाडकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे.

नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. पण तिथे ‘माझा हक्क’ म्हणून उभे राहू नका. ते अमेरिकेत चालतं, तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आहे. आपल्याकडे कायद्यानं दिल्याशिवाय शस्त्र बाळगण्याचा हक्क कुणालाच नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलंय. नकाराची कारणं कशी लंगडी आहेत, तेवढंच दाखवा.

शिवाय निवडणूक आली की जमा करण्याची नोटीस. सरसकट नको, छाननी करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय. तरी हेलपाटा चुकेलच असं नाही.

विक्रेत्याला विकून टाकणं सोपं. पैसे फार येत नाहीत, पण कटकट संपते. घरातल्या पोराला नुसती नेमबाजीची हौस असेल तर पॉइंट १७७ इंची नळीची, २० जूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल घ्या. तिला परवाना लागत नाही.

माझं मत विकण्याचं. धाकट्या काकांना मात्र ती शहापूरच्या शेतावर रानडुकरांसाठी हवीय. परवाना मिळाला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच, हे त्यांना पटत नाही. करू देत अर्ज. खोळीच्या खिशातली सात काडतुसंही बंदुकीबरोबर जमा केली. कागदी वेष्टणाची, इतक्या पावसाळ्यांत फुगून नळीत शिरेनाशी झालेली.