फेनोबार्बिटोन ६० : गोळी चांगली, पाकीट वाईट

आकडीसाठी सहा वर्षं हीच गोळी घेतेय, रोज रात्री झोपताना एक. १९१२ पासून वापरात असलेलं औषध, म्हणजे माझ्या पणजीच्या वयाचं, पण काम चोख. चार वर्षांत मोठा झटका नाही. पहिला महिना मात्र वाईट गेला. फोनवर बोलता बोलता डुलकी लागायची, जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागे. पुढे सुस्ती ओसरली.

खरी तक्रार पाकिटाची. ३० आणि ६० मिलिग्रॅमच्या पट्ट्या इतक्या सारख्या, की एकदा दुकानदाराने ३०ची दिली आणि मीही न बघता आठवडाभर अर्धाच डोस घेतला. हे औषध अंगातून सावकाश उतरतं, त्यामुळे लगेच काही जाणवलं नाही. आठव्या दिवशी डावा हात थरथरू लागला, तेव्हा पट्टी उलटून पाहिली! अचानक बंद किंवा कमी केली तर झटके उलटतात, हे डॉक्टरांनी बजावलं होतंच. मनाने दोन गोळ्या न घेता आधी त्यांना फोन केला.

दारू, झोपेच्या गोळ्या हिच्यासोबत अजिबात नकोत, श्वास मंदावतो. गर्भनिरोधक गोळीही हिच्यामुळे निकामी ठरू शकते. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही योगायोगाने.

पाचपैकी चार तारे. एक पाकिटाचा कापला.