ओटीपी कुणालाच दिला नव्हता, तरी व्हॉट्सॲप गेलं

मी आजवर कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही, अनोळखी लिंक उघडत नाही, कुणाच्या सांगण्यावरून ॲप टाकत नाही, आणि तरीही मागच्या महिन्यात माझं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात गेलं आणि माझ्या नावाने माझ्याच माणसांकडून पैसे उकळले गेले. कसं झालं ते सगळं सांगते, कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या बहुतेकांना ही पद्धत माहीतच नव्हती, मलाही नव्हती.

मी एका पार्सलची वाट बघत होते. दुपारी फोन आला, कुरिअरमधून बोलतोय, पार्सल निघालंय पण डिलिव्हरीवाल्याला पत्ता सापडत नाहीये आणि तुमचा फोन त्याला लागत नाहीये, तुम्हीच त्याच्याशी बोलून घ्या. बोलणं अगदी साधं, धमकी नाही, घाई नाही, उलट मॅडम सावकाश लिहून घ्या म्हणाला. स्टार, एकवीस, स्टार, मग त्याचा मोबाइल नंबर, शेवटी हॅश, हे डायल केलं की डायरेक्ट त्यालाच लागेल. मला वाटलं ऑफिसमध्ये एक्स्टेंशन असतं तसलं काहीतरी असेल. हाताशी एक जुनं पाकीट होतं त्याच्या मागे आकडे लिहिले आणि डायल केलं. रिंग वाजलीच नाही. स्क्रीनवर एक छोटी चौकट आली, वर कॉल फॉरवर्डिंग, खाली रजिस्ट्रेशन सक्सेसफुल, आणि मी ओके दाबलं. चौकट वाचली होती मी, पण सक्सेसफुल म्हणजे काम झालं एवढंच डोक्यात शिरलं.

तर *२१* म्हणजे माझ्या नंबरवर येणारा प्रत्येक कॉल पुढच्या नंबरवर वळवा, असा थेट नेटवर्कला दिलेला हुकूम. जीएसएम नेटवर्कमधली ही जुनी सोय आहे, त्यात काही चोरीचं नाही, लोक स्वतःचे कॉल दुसऱ्या फोनवर घ्यायला ती वापरतात. असेच भाऊबंद कोड *६१*, *६२* आणि *६७* आहेत, उचलला नाही तर, फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर, आणि बिझी असेल तर कॉल वळवायचे. कुणी *६७* सांगितलं आणि नंतर मुद्दाम तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवलं तरी काम तेच होतं. यातला कुठलाच कोड डायल करताना पासवर्ड लागत नाही, कारण डायल करणारे तुम्ही स्वतःच असता.

पाच मिनिटांत एसएमएस आला, व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड, कुणाला सांगू नका. मी कुठे सांगणार होते, मी तो दुर्लक्ष करून ठेवून दिला आणि वर मनात म्हटलं बघा कुणीतरी प्रयत्न करतंय पण कोड माझ्याकडे आहे. इथेच घात झाला. फॉरवर्डिंगने फक्त कॉल वळतात, एसएमएस वळत नाही, त्यामुळे मेसेज माझ्याकडे आला, पण व्हॉट्सॲपमध्ये एसएमएस नाही मिळाला तर कोड फोन करून सांगा असाही पर्याय असतो. त्याने तेवढा वेळ थांबून तो पर्याय दाबला, व्हॉट्सॲपचा ऑटोमॅटिक कॉल माझ्या नंबरवर निघाला आणि वाजला त्याच्याकडे. सहा आकडे त्याने कानाने ऐकले. माझा फोन टेबलावर शांत पडलेला.

थोड्या वेळाने व्हॉट्सॲप उघडलं तर हा नंबर आता या फोनवर रजिस्टर नाही असं आलं. मला वाटलं अपडेटचा घोळ असेल. एसएमएसने कोड मागवला, टाकला, तर पुढे पिन मागतोय, जो मी कधी ठेवलाच नव्हता. तो त्याने ठेवला होता. पिन माहीत नसेल तर सात दिवस थांबा. नंतर कळलं की मी एसएमएसचा कोड टाकला त्याच क्षणी तो माझ्या खात्यातून बाहेर फेकला गेला होता, म्हणजे पिन माहीत नसला तरी कोड टाकणं हेच सगळ्यात पहिलं करायचं काम आहे. पण मी ते केलं पावणेदोन तासांनी.

त्या पावणेदोन तासांत त्याने काय केलं ते ऐका. जुने चॅट त्याला मिळत नाहीत, ते माझ्या फोनमध्ये असतात, पण मी ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे ते सगळे ग्रुप आणि त्यातले सगळे नंबर त्याच्यासमोर येतात. घरच्यांचा ग्रुप त्यात आलाच. मावशीला मेसेज गेला, अडचणीत आहे, थोडे पैसे पाठव, संध्याकाळी परत करते. आता माझी मावशी काही भोळी नाही. तिने पैसे पाठवायच्या आधी मला फोन केला, खात्री करायला, जसं आपण सगळ्यांना सांगतो ना की मेसेजवर विश्वास ठेवू नका, फोन करून विचारा. तो फोन पण त्याच्याकडेच गेला. त्याने कट केला आणि लिहिलं, मावशी आत्ता बोलता येत नाहीये, डॉक्टरांसमोर आहे. मावशीने पाठवले. मग अजून मागितले तेव्हा परत पाठवले. मामेभावानेही पाठवले. मला याच गोष्टीचा अजून राग येतो, की ज्यांनी नीट वागायचं तसंच वागलं, फोन करून विचारलं, त्यांनाच फटका बसला.

मला कळलं ते मामेभावाची बायको दार वाजवत आली तेव्हा. तिने सांगितलं फोन लावतोय तर कुणी उचलतच नाही. मी म्हटलं अगं माझा फोन वाजलाच नाही. मग फोन हातात घेऊन बघितलं, वरच्या पट्टीत रेंजच्या बाजूला रिसिव्हर आणि बाण असं इवलंसं चिन्ह होतं, दुपारपासून तिथेच होतं ते. आणि तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली की तुमचा फोन लागत नाही असं सांगणारा माणूस माझ्याच फोनवर माझ्याशी बोलत होता.

आता हे वाचताय तर आत्ताच एक करा, *#२१# डायल करा, तुमचे सगळे कॉल कुठे वळवलेत का ते कळतं, उचलला नाही, रेंज नाही, बिझी आहे तेव्हाचे वळवलेत का ते *#६१#, *#६२# आणि *#६७# ने कळतं, त्याने तुमचं काही बिघडत नाही. वळवलेले दिसले तर ##००२# ने सगळं फॉरवर्डिंग निघतं. नाही निघालं तर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगून काढून घ्या, पण नंबर सर्च करून नाही, सिमच्या पाकिटावरचा किंवा बिलावरचाच घ्या. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे कोडशिवाय स्वतःचा वेगळा पिनही लागेल अशी सोय, चालू करा, २०१७ पासून ती आहे आणि मी ती कधी उघडूनही बघितली नव्हती. माझा पिन आधीपासून असता तर त्याला सहा आकडे ऐकूनही आत येता आलं नसतं. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर तुम्ही स्वतः बसून करून द्या, त्यांना करा म्हणून सांगू नका, राहून जातं. फोनला व्हॉइसमेल असेल तर त्याचा पिन ०००० किंवा १२३४ आहे का तेही बघा, कॉल उचलला नाही तर कोड तिथे बोलून ठेवला जाऊ शकतो.

बँकेला आणि पोलिसांना लगेच कळवलं, तक्रार नोंदवून घेतली, पैसे अजून आलेले नाहीत. मावशी घेत नाहीये पण मी तिचे थोडे थोडे करून परत देतेय.

आठव्या दिवशी व्हॉट्सॲप सुरू झालं. त्याने माझ्या नावाने पाठवलेले मेसेज माझ्या फोनवर दिसत नाहीत, त्यामुळे कुणाकुणाकडे मागितले हे कळायला मार्गच नाही, एकेकाला फोन करून विचारावं लागतंय. घरचे झाले, ऑफिसचे झाले. शाळेच्या ग्रुपमधले अजून बावीस जण राहिलेत, रोज चार-पाच जणांना लावतेय.