‘गंजत नाही’ एवढ्यावर मी विश्वास ठेवला

कोमट पाण्याच्या टाकीभोवती चालायला आम्ही फायबरच्या, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या कडक होणाऱ्या प्लास्टिकमध्ये गोठवून बनवलेल्या, जाळ्या बसवल्या. विक्रेत्याचं एकच पालुपद होतं, “फायबर आहे, गंजायचं नाव नाही.” गंज खरंच धरला नाही. पण दुसऱ्या वर्षी जाळ्यांवर फोड आले, टोचल्यावर आंबट वासाचं पाणी निघालं, आणि एके दिवशी सहकाऱ्याच्या पायाखाली पट्टी लचकून चिरली. कठडा हाताशी होता म्हणून तो वाचला. अजून अंगावर काटा येतो.

मग प्रमाणपत्र नीट वाचलं. वाकवण्याच्या चाचणीचा आकडा उत्तम, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: कोरडा नमुना, 23 अंश सेल्सिअस, आर्द्रता 50 टक्के. आमची जाळी तशी एक दिवसही राहिली नव्हती.

पाणी रेझिनमध्ये मुरतं. रेझिन फुगतं, मऊ पडतं, आणि काचेच्या धाग्यावरची त्याची पकड सुटत जाते. पाणी कोमट असेल तर हे सगळं लवकर होतं. धाग्याच्या दिशेने ओढून पाहिलं तर ताकद त्या मानाने कमी घटलेली दिसते, म्हणून ओढण्याचा आकडा दाखवणाऱ्यांपासून जपा. माणूस वर उभा राहिला की पट्टीचा वरचा भाग दबतो, आतले थर एकमेकांवरून सरकू पाहतात, आणि ओलाव्याचा मार नेमका तिथेच बसतो.

ऑर्डरमध्ये आयसो रेझिन, म्हणजे पाण्यात जास्त टिकणारा पॉलिएस्टरचा प्रकार, लिहिलं होतं. तुकडा प्रयोगशाळेत दिला, तर इन्फ्रारेड तपासणीत साधं ऑर्थो, म्हणजे त्याहून कमी टिकणारा प्रकार, निघालं. पाण्यात त्याच्या रेणूंची साखळी जास्त लवकर तुटते. आंबट वास त्याचाच होता. कापलेल्या कडाही रेझिन न लावता उघड्या सोडलेल्या, म्हणजे पाण्याला आयती वाट.

विक्रेता म्हणाला, “वाळवा, पूर्ववत होईल.” हीसुद्धा फसवणूकच. वाळल्यावर मऊपणा बराचसा जातो, पण तुटलेली साखळी आणि सुटलेली पकड परत येत नाही.

आता मी माल घेण्याआधी तुकडा मागतो. तो वजन करून वापराच्याच तापमानाच्या पाण्यात ठेवतो आणि दर आठवड्याला तोलतो. वजन सुरुवातीला भराभर वाढतं, मग मंदावतं. ते थांबेपर्यंत थांबायचं आणि तसाच ओला तुकडा वाकवण्याच्या चाचणीला द्यायचा. एका विक्रेत्याने तुकडा द्यायलाच नकार दिला. त्याच्याकडून मी माल घेतला नाही.