बीएलडीसी पंखे घ्यावेत का? नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराचा वर्षभराचा हिशोब

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकणार नाही. कारण शेजारच्या काकांकडे दुसऱ्या कंपनीचे आहेत आणि मेव्हण्याकडे तिसऱ्याच, आणि तिघांचे अनुभव उन्नीस-बीस सारखेच. त्यामुळे हा रिव्ह्यू पंख्याच्या जातीचा समजा. बीएलडीसी म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे पंखे. कोणाचं लाईट बिल वाचत असेल तर वाचू दे, आणि उगाच कोणी दुकानदाराच्या गोड बोलण्यावर आठ-दहा हजार घालू नये म्हणून लिहितोय.

झालं असं की २०२४ च्या एप्रिलचं बिल आलं, २४१ युनिट. एसी नाही, कूलर गच्चीवर पडलेला, घरात माणसं चार, मग जातं कुठे? नाशिक थंड हवेचं म्हणतात ते पूर्वी असेल, आता एप्रिल-मेमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर स्लॅब असा तापतो की रात्री एक वाजता पण पंखा गरम हवा खाली ढकलत असतो. म्हणजे पंखे बंद करा हा सल्ला कोणी देऊ नये. आईच्या खोलीतला पंखा तर दिवसाचे १६ तास चालू, हॉलचा १४, आणि आमच्या बेडरूमचा रात्रीचे ९. बेरीज ३९ तास. हा आकडा लक्षात ठेवा, सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

आमचे जुने पंखे लग्नातले. एकदम दणकट, वीस वर्षांत दोनदा कंडेन्सर बदलला आणि एकदा बेरिंग, बाकी तक्रार नाही. पण ते साधारण ७५ वॉट खातात असं वाचलं होतं आणि बीएलडीसी वाले ३० च्या आसपास. आता कागदावर काहीही लिहितील, खरं कसं कळणार? तर इथे आमच्या चिरंजीवांनी डोकं लावलं. खाली पार्किंगमध्ये जिन्याखाली जे मीटर असतात ना, त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरवरच लिहिलेलं असतं की किती लुकलुक म्हणजे १ युनिट. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमचं वेगळं असू शकतं, बघून घ्या. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, चार्जर सगळं काढलं, फक्त हॉलचा पंखा फुल्ल ठेवला आणि पोरगा खाली मोबाईलवर टायमर लावून १० मिनिटं मोजत बसला. ४१ वेळा. म्हणजे तासाला २४६, भागिले ३२००, म्हणजे जवळजवळ ७७ वॉट. एक रुपया खर्च नाही, वॉटमीटर आणायला नको. वॉचमन मात्र येऊन विचारून गेला की दादा मीटरला काही झालं का.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, सीझन चढायच्या आधी, खरेदीला निघालो. शालिमारला गाडी लावायला जागा मिळाली हाच अर्धा विजय. मेन रोडच्या आतल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो, नाव नको, कारण जे सांगणार आहे ते कौतुकाचं नाही. म्हणलं, "दादा, बीएलडीसी दाखवा." तर त्यांनी एक पंखा काढला, खोक्यावर मोठ्या अक्षरात एनर्जी सेव्हर, वर स्टारचं लेबल. "काका, हाच तो, घ्या डोळे झाकून, सहा महिन्यांत पैसे वसूल." मी डोळे न झाकता लेबल वाचलं तर ५० वॉट आणि स्टार एकच. म्हणजे साधीच मोटर, फक्त जरा सुधारलेली. २०२३ पासून सीलिंग फॅनवर हे स्टार लेबल सक्तीचं झालंय, त्यामुळे आता नवीन कुठलाही पंखा घ्या, त्यावर स्टार असणारच. स्टार आहे म्हणजे बीएलडीसी असं अजिबात नाही. वॉटचा आकडा बघायचा आणि त्याच्याशेजारी हवा किती फेकतो तो बघायचा, घनमीटर प्रति मिनिट असं दिलेलं असतं. १२०० एमएम पात्याच्या चांगल्या पंख्याला तो २०० च्या वर असतो. नाहीतर कमी वॉटचा म्हणून घ्याल आणि खाली घामाघूम बसाल, मग दोन नंबरऐवजी पाचवर चालवाल, बचत गेली उडत.

दुसऱ्या दुकानात गेलो, त्रिमूर्ती चौकाजवळ, घराच्या जवळ. तिथला पोरगा नीट बोलला, खोकं उघडून दाखवलं, वॉरंटी कार्डवर शिक्का मारून दिला आणि सरळ म्हणाला की किचनला घेऊ नका, तुमचा तिथे दिवसाला तासभर चालत असेल. असं सांगणारा दुकानदार मिळणं म्हणजे लॉटरीच. तीन पंखे घेतले, घासाघीस करून ८,४०० ला, आणि वायरमनचे बसवायचे ४५० वेगळे.

बसवताना एक गोष्ट नक्की बघा. या पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही, स्पीड रिमोटवरून बदलायचा असतो, त्यामुळे वायरमनने रेग्युलेटर बायपास करून डायरेक्ट बटणावर कनेक्शन द्यायला हवं. आमचा वायरमन जुना माणूस, तो म्हणे राहू द्या साहेब, फुल्लवर ठेवा म्हणजे झालं. मी म्हणलं नाही दादा, बायपासच करा, खोक्यातल्या कागदावर तसंच लिहिलंय. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी परत पोरगा जिन्याखाली. तोच हॉल, फुल्ल स्पीड, १० मिनिटं. १७. म्हणजे ३२ वॉट. खरं सांगतो मला त्या १७ आकड्याचा जेवढा आनंद झाला तेवढा नवीन गाडी घेतल्यावर झाला नव्हता. ही म्हणाली, "आता हे शेजारपाजारी सांगत बसू नका." सांगितलं अर्थातच.

आता पैशाचं. एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले, गुणिले ३९ तास, म्हणजे दिवसाला पावणेदोन युनिट, महिन्याला साधारण ५२. आणि २०२५ च्या एप्रिलचं बिल आलं १८७ युनिट, म्हणजे ५४ कमी. हिशोब जवळजवळ बरोबर बसला, वरचे दीड-दोन युनिट पोराच्या परीक्षेमुळे टीव्ही बंद होता त्याचे असावेत. तुलना करताना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, बिलावर जुने युनिट छापलेले असतात.

इथे बिलाच्या स्लॅबचं, म्हणजे दराच्या पायऱ्यांचं, एक लोकांच्या डोक्यात चुकीचं बसलंय ते सांगतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण हाच वाद झाला होता की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटला वरचा दर लागतो. तसं नाहीये. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० ला पहिला दर, १०१ ते ३०० ला त्याच्या पुढचा, जो दुपटीहून थोडा जास्तच आहे, असं पायरी पायरीने लागतं. पण याचा फायदा असा की तुम्ही जे वाचवता ते नेहमी सगळ्यात वरच्या, महागड्या पायरीवरचं वाचतं. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा), आणि मग १६ टक्के वीज शुल्क. आमचं वरच्या पायरीवरचं युनिट सगळं धरून साधारण साडेबारा रुपयांना पडत होतं. म्हणजे ५४ युनिटचे ६७५ रुपये. ज्यांचं बिलच महिन्याला ८०-९० युनिटचं आहे त्यांना हेच युनिट बरंच स्वस्त पडतं, त्यांचे पैसे वसूल व्हायला दुप्पट वेळ लागेल, त्यांनी माझं ऐकून लगेच दुकान गाठू नये.

आता तो सहा महिन्यांचा वायदा. मार्च ते जून महिन्याला साडेसहाशेच्या आसपास वाचले. पावसाळा धरून ऑक्टोबरपर्यंत चारशे-सव्वाचारशे, कारण पंखे चालतात पण दोन-तीन नंबरवर, आणि कमी स्पीडला जुना पंखा पण कमी खायचा, त्यामुळे फरक तेवढा मोठा राहत नाही. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ काही नाही, निफाडकडून असा गार वारा येतो की पंखा कोण लावतंय, फक्त आईला आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणून एक नंबरवर. वर्षाचे सगळे मिळून ४,३०० च्या आसपास. म्हणजे ८,८५० वसूल व्हायला दोन वर्षांहून थोडं जास्त. वाईट नाही, पण सहा महिने म्हणजे शुद्ध थाप. आणि तुमचा जुना पंखा जळालाच असेल आणि नवीन घ्यायचाच असेल तर तुलना ७५ शी करू नका, त्या ५० वॉटवाल्याशी करा. मग फरक २० चा, पण किमतीतला फरक पण हजार-बाराशेचाच. तिथे पण जो खूप चालतो त्याच खोलीत घ्या.

आता बिलाव्यतिरिक्त जे आवडलं ते. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, जुना पंखा तेव्हा रडत रडत फिरायचा, हा त्याच स्पीडने फिरतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर आधी तीन तासांत मान टाकायचा, आता दोन पंखे लावून पण रात्र निघते, त्यामुळे बॅटरी बदलायचं एक वर्ष पुढे ढकललंय, हे पण पैसेच की. घूं घूं आवाज नाही. टायमर आहे, पहाटे चारला आपोआप बंद होतो.

आणि न आवडलेलं. पहिलं म्हणजे रिमोट. तीन पंख्यांचे तीन रिमोट, दिसायला एकसारखे, आणि एका खोलीतला दुसऱ्या खोलीतल्या पंख्याला पण चालतो, त्यामुळे सापडेल तो उचलायचा आणि तिन्ही हॉलच्या सोफ्यात गोळा. आईने पहिले आठ दिवस अबोलाच धरला होता. "पंखा कमी करायला पण आता पोराला हाक मारायची का?" बरोबर आहे तिचं, अंधारात भिंतीवरचा खटका सापडतो, रिमोट नाही सापडत. शेवटी तिच्या पलंगाच्या लोखंडी पट्टीला दोरीने बांधून टाकला. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी हे आधी विचारात घ्या, आता भिंतीवरच्या नॉबवर चालणारी मॉडेल पण मिळतात, मला उशिरा कळलं.

दुसरं मोठं. ऑगस्टमध्ये रात्री विजांचा पाऊस झाला आणि सकाळी बेडरूमचा पंखा ठप्प. वायरमनला बोलावलं, त्याने वर बघितलं आणि हात जोडले. "साहेब, साधा असता तर कंडेन्सर टाकून पाच मिनिटांत फिरवला असता, याच्यात बोर्ड असतो, हे आमच्याच्याने होत नाही." कंपनीकडे तक्रार टाकली, दोन वर्षांची वॉरंटी आहे, बोर्ड फुकट बदलून दिला, पण कधी? अकराव्या दिवशी. चार वेळा फोन, प्रत्येक वेळी "टेक्निशियन उद्या येतील सर." हा उद्या म्हणजे उधारीच्या पाटीवरचा उद्या. नशीब मी एक जुना पंखा माळ्यावर ठेवला होता, भंगारवाल्याला दोनच दिले होते (दोन्हीचे मिळून ४०० आले). तो अकरा दिवस फिरला, न कुरकुरता. तेव्हा एक जुना जपून ठेवाच. आणि विजा चमकायला लागल्या की आता आम्ही बटणं बंद करतो.

वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला तर तो विकत घ्यावा लागणार, म्हणजे तेवढी बचत त्यात गेली. हा धोका धरूनच माझे मार्क पाचपैकी साडेतीन. आईच्या खोलीचा आणि हॉलचा पंखा पाचपैकी पाच, बेडरूमचा अडीच, कारण ९ तासच चालतो आणि त्यातही अकरा दिवस दुखणं काढलं.

जाता जाता, फुकटातलं एक. बिलावर शेवटच्या तारखेच्या आधीची एक तारीख असते, त्या तारखेच्या आत भरलं की रक्कम थोडी कमी लागते, साधारण एक टक्का. आमचं बिल तेव्हा घरी यायचं ते ती तारीख उलटल्यावर बघितलं जायचं, फ्रिजवर चुंबकाखाली लटकून. आता मोबाईलवर येतं, त्याच दिवशी भरतो. दहा-पंधरा रुपये म्हणाल, पण एक कोथिंबिरीची जुडी तरी निघते.

जानेवारीचं बिल मात्र आलं ते मागच्या जानेवारीएवढंच, एक युनिट पण इकडे-तिकडे नाही. पंखे बंद, गिझर चालू. २००० वॉटचा आहे, अर्धा तास चालला की १ युनिट, म्हणजे तिन्ही पंख्यांनी भर उन्हाळ्यात दिवसभर खपून जेवढं वाचवलं तेवढं तो गडी तासाभरात पिऊन मोकळा. पोराला म्हणलं, जा, याचे पण मोज. गेला आणि पाच मिनिटांत परत. "बाबा, मोजताच येत नाही, सेकंदाला दोनदा लुकलुकतोय, डोळे दुखले." रोज अर्धा तास गिझर चालू ठेवून आंघोळ करणारा तोच. आई हॉलमधून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून गिझरचं बटण तिच्या ताब्यात, दहा मिनिटं झाली की बाहेरून बंद, आणि त्याला रिमोट नाही.