छपरावर सोलर की कर्जात भरणा?

फोंड्यात घर, डोक्यावर गृहकर्ज आणि हाताशी सव्वा लाख. व्याज ८.५ टक्के धरलं, तर ही रक्कम मुद्दलात भरल्यावर वर्षाला साडेदहा हजारांवर व्याज वाचतं. बदलत्या दराच्या कर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंडही नाही.

सोलरचं गणित मात्र बिलावर ठरतं. ३ किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान, दिवसाला सरासरी १२ युनिट वीज. पण गोव्यात खालच्या टप्प्यांतली वीज स्वस्त, आणि जून ते सप्टेंबर ऊन कुठलं! दोन पंखे नि फ्रीज असलेल्या घराने कर्जच फेडावं. दोन एसी, गिझर, वर पाहुण्यांचा राबता असेल तर सोलर घ्या. फक्त वाचलेलं बिल दरमहा मुद्दलात जाऊ दे, चवथीच्या माटोळीत (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीत) नव्हे.